देवासचे कुमार गंधर्व आणि त्यांचे बालगंधर्व



आपल्या नालछ्याहून धार, धारहून इंदूर आणि पुढे देवास. सकाळी निघाले तर दुपारच्या जेवणाआधी पोहोचता येते. देवासला गेलेली मंडळी माताजीच्या टेकरीवर चढतात, चामुंडामातेचे दर्शन घेतात आणि परत येतात. त्याच टेकरीच्या पायथ्याशी 'भानुकुल' नावाचे एक घर आहे, तिकडे मात्र थोड्यांचेच पाय वळतात. त्या घरात पंडित कुमार गंधर्व राहत असत. त्यांचा जन्म १९२४ चा. २०२३-२४ मध्ये त्यांची जन्मशताब्दी देशभर साजरी झाली. पण आपल्या शाळेतल्या वरच्या वर्गांत मी विचारले तेव्हा निम्म्या मुलांना नाव ठाऊक होते आणि ते कशासाठी प्रसिद्ध होते हे दोघा-तिघांनाच सांगता आले. म्हणून या अंकात त्यांच्याविषयी लिहीत आहे.

कुमारजी मोठे गायक होते हे सर्व पुस्तकांत सापडेल. मला ते त्याहून जास्त मोठे श्रोते वाटतात. दुसऱ्याचे गाणे ऐकून वेडे होणारी माणसे आपल्याकडे कमी नाहीत. पण ऐकता ऐकता एखाद्याचे सारे आयुष्य घडले, असे उदाहरण विरळा. त्यांची हकीकत मी त्याच अंगाने सांगणार आहे.

त्यांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी या गावी. घरची भाषा कानडी. वडिलांना गाण्याचा नाद होता. त्या काळी चावीचा ग्रामोफोन असे. चावी फिरवायची, तबकडीवर सुई ठेवायची आणि तीन-साडेतीन मिनिटे गाणे ऐकायचे. तेवढ्यात एक बाजू संपे. मोठमोठ्या उस्तादांना आपला राग या तीन मिनिटांत बसवावा लागे. अब्दुल करीम खाँ, रामकृष्णबुवा वझे अशा दिग्गजांच्या तबकड्या लहान शिवपुत्र ऐकत असे आणि सहा-सात वर्षांच्या वयात तो त्या जशाच्या तशा गाऊ लागला. नुसती चाल नव्हे, तर ताना, हरकती, श्वास कुठे घेतला तेसुद्धा. एका मठाच्या स्वामींनी हे ऐकले आणि मुलाला 'कुमार गंधर्व' ही पदवी दिली. पुढे तेच नाव झाले, मूळ नाव मागे पडले.

मग वडिलांनी मुलाला गावोगावी नेऊन कार्यक्रम सुरू केले. तिकिटे विकली जात, लोक बक्षिसे देत. १९३५-३६ च्या सुमारास अलाहाबादच्या संगीत परिषदेत आणि मुंबईत जीना हॉलमध्ये हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा गायला, तेव्हा समोर बसलेले नामवंत गवईसुद्धा थक्क झाले. आजच्या टीव्हीवरच्या बालगायकांच्या स्पर्धा पाहणाऱ्या पालकांना हे चित्र नवे वाटणार नाही. पण टीव्हीवर टाळ्या घेतलेली ती मुले पुढे कुठे जातात याचा विचार मात्र आपण फारसा करीत नाही.

मुंबईचे प्रोफेसर बी. आर. देवधर यांनी तो विचार केला. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे ते शिष्य. पाश्चात्य संगीताचाही त्यांनी अभ्यास केला होता. त्यांची संगीतशाळा मुंबईत ऑपेरा हाउसजवळ होती. ऑपेरा म्हणजे युरोपातले संगीत नाटक, ज्यात पात्रे संवादही गाऊनच म्हणतात. त्यांच्याकडे उंच आवाजाच्या पुरुष गायकाला टेनर म्हणतात आणि आवडत्या टेनरसाठी तिकडचे लोक रात्र रात्र तिकिटाच्या रांगेत उभे राहतात. आपल्याकडे हे वेड संगीत नाटकाने लावले, ते पुढे सांगतोच. तर १९३६ मध्ये कुमार देवधर मास्तरांकडे शिकायला राहिले. मुलाची नक्कल हुबेहूब होती, पण तो जे गातो ते काय आहे, कोणता सूर कोठे का लागतो, हे त्याला समजावून देणे बाकी होते. ते काम देवधरांनी केले. त्यांच्या शाळेत निरनिराळ्या घराण्यांचे गवई येत, गात, चर्चा होत. एकाच उस्तादाचे ऐकायचे, दुसऱ्याचे कानावर पडू द्यायचे नाही, अशी त्या काळची रीत असताना हा मोकळेपणा विशेषच म्हटला पाहिजे. अंजनीबाई मालपेकर यांच्याकडूनही कुमारांना शिकायला मिळाले. विशीत पोहोचेपर्यंत त्यांचे नाव देशभर झाले होते आणि ते स्वतः त्याच शाळेत शिकवूही लागले होते.

१९४७ मध्ये भानुमती कंस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या मूळ कराचीच्या, देवधरांच्याच विद्यार्थिनी. आणि त्याच वर्षी कुमारांना क्षयरोग झाल्याचे निदान झाले.

आज क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. मुलांनो, त्या काळी तसे नव्हते. क्षय म्हणजे बहुधा मरण. आणि गवयाला फुप्फुसाचा क्षय म्हणजे काय, याची कल्पना करा. गाणे बंद, मोठ्याने बोलणेसुद्धा बंद. कोरडी हवा बरी म्हणून ते मुंबई सोडून आपल्या माळव्यात आले. देवासला ते पोहोचले तो दिवस ३० जानेवारी १९४८, गांधीजींची हत्या झाली तो. वय चोवीस वर्षेसुद्धा पूर्ण नव्हते.

यानंतरची पाच-सहा वर्षे ते अंथरुणावर होते. घर चालवायला भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी धरली. दिवसभर शाळा, घरी आल्यावर रुग्णाची सेवा, पथ्यपाणी, औषधे. आपल्या क्षेत्रातल्या व्यक्ती म्हणून मला त्यांच्याविषयी विशेष आदर आहे. कुमारजींच्या चरित्रात त्यांना दोन ओळी मिळतात, हे मला नेहमी खटकते. १९४३ मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचा शोध लागला होता. पुढे काही वर्षांनी ते भारतात मिळू लागले आणि १९५२ च्या सुमारास कुमारांना त्याचा गुण आला. पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले ते झालेच.

ज्याला गायची मनाई आहे, तो करणार काय? ऐकणार. लहानपणी त्यांनी तबकड्या ऐकल्या होत्या. आता खिडकीतून येईल ते ऐकायचे. आणि माळव्यातल्या खिडकीतून काय येते हे आपल्याला सांगायला नको. पहाटे जात्यावरची बाई, लग्नघरात बन्ना-बन्नी, गणगौरची गाणी, पितृपक्षात भिंतीवर शेणाची संजा काढून गाणाऱ्या मुली (महाराष्ट्रातल्या भोंडल्याची ही बहीणच), दारावर एकतारी घेऊन येणारे नाथपंथी जोगी. ही गाणी आपल्यापैकी पुष्कळांच्या आया-आज्या गातात. आपल्याला त्यांचे काही वाटत नाही. कुमारांना पडल्या पडल्या असे दिसले की या धुनांमध्ये तीन-चार सुरांतच एक पूर्ण आकार असतो आणि आपले राग अशाच धुनांतून निघाले असले पाहिजेत. मग बरे वाटू लागल्यावर पती-पत्नींनी मिळून शेकडो लोकगीते जमवली, ती सुरांसह लिहून ठेवली. काही धुनांमधून कुमारांनी नवे राग उभे केले. मालवती, लगनगंधार, संजारी, सहेली तोडी, अहिमोहिनी ही त्यांपैकी काही नावे. मालवती या नावात आपला माळवा आहेच. जोग्यांच्या तोंडची कबीराची निर्गुणी भजने त्यांनी मैफिलीत आणली, तीही जोग्याची नक्कल करून नव्हे. त्या गाण्यातला एकटेपणा आणि उघड्यावर टाकलेली हाक त्यांनी घेतली, बाकीचे आपले आपण घडवले.

१९५३ मध्ये ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा गायकी बदललेली होती. पूर्वीसारखा लांबच लांब दम नव्हता. म्हणून सुरांचे छोटे छोटे तुकडे, मध्येच शांतता, मग अचानक उंच जाणारी बारीक लखलखीत तान. दुबळ्या फुप्फुसाने त्यांना हे शिकवले असे पुष्कळ लोक म्हणतात. मला ते अर्धेच खरे वाटते. दम कमी झालेले गवई इतरही असतील, सगळ्यांचे असे झाले नाही. खिडकीशी पाच-सहा वर्षे जे ऐकले त्याचा वाटा यात मोठा असला पाहिजे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, म्हणजे बालगंधर्वांकडे.

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांचा जन्म २६ जून १८८८ चा. लोकमान्य टिळकांनी या मुलाचे गाणे ऐकले आणि त्यावरूनच 'बालगंधर्व' हे नाव पडले, असे सर्वत्र सांगितले जाते. म्हणजे दोघाही गंधर्वांना पदवी बालपणीच मिळाली होती. लहानपणी नारायणाला कानाचा विकार होता आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या मदतीने मिरजेच्या इस्पितळात त्यावर उपचार झाले. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. त्या काळी स्त्रिया रंगभूमीवर काम करीत नसत. बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका केल्या आणि अशा केल्या की घरंदाज बायका त्यांच्यासारखे शालू आणि दागिने घालू लागल्या. 'मानापमान' मधली भामिनी, 'स्वयंवर' मधली रुक्मिणी, 'एकच प्याला' मधली सिंधू ही त्यांची गाजलेली कामे. १९११ साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची लहान मुलगी वारली. तरी प्रयोग त्यांनी होऊ दिला. १९१३ मध्ये त्यांनी स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. गुरु भास्करबुवा बखले यांनी 'स्वयंवर'ला चाली दिल्या. तबल्याला उस्ताद अहमदजान थिरकवाँ असत. पैसा आला तसा गेला. भरजरी पोषाख, उंची अत्तरे, मोठमोठे पडदे, त्यामुळे मंडळी कर्जात बुडाली. १९३५ मध्ये त्यांनी प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात संत एकनाथांची भूमिका केली, पण समोर प्रेक्षक नसलेल्या ठिकाणी त्यांचा जीव रमला नाही. शेवटचा काळ हलाखीचा आणि आजारपणाचा गेला. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले, १५ जुलै १९६७ रोजी ते निवर्तले. २०११ साली त्यांच्यावर आलेला मराठी चित्रपट आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल.

लोकांचे त्यांच्यावरचे प्रेम म्हणजे वेडच होते. एका पदाला अनेक वेळा वन्समोअर होई आणि नाटक पहाटेपर्यंत चाले. तबकड्या घरोघरी झिजेपर्यंत वाजवल्या जात. इंदूर, धार, देवास, ग्वाल्हेर येथील मराठी घरांतही ते गाणे पोहोचले. मी स्वतः हिंदी माध्यमात शिकलो. आमच्या घरी मराठी बोलली जाई, पण नाट्यपदांमधली जुनी मराठी मला त्या वयात फारशी कळत नसे. तरी रेडिओवर पद लागले की आवाज कोणाचा हे ओळखू येई. शब्दांचा अर्थ पुष्कळ नंतर समजला, सूर आधीच ओळखीचे झाले होते.

असे प्रेम असले की त्याबरोबर नक्कलही येते. बालगंधर्वांसारखे गाणारे गावोगावी तयार झाले. तीच लाडिक लय, तोच शब्दावरचा झोका, तीच वळणे. दुसरीकडे शास्त्रीय गाणाऱ्या मंडळींत एक वर्ग असाही होता की ज्यांच्या मते हे नाटकातले गाणे, ख्यालाच्या पंगतीला बसणारे नव्हे. चाहते डोक्यावर घेऊन नाचत होते, पंडित बाजूला सारत होते आणि त्या गाण्यात नेमके काय आहे हे कोणी फारसे पाहत नव्हते.

१९६५ मध्ये कुमारांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम केला. कुमार तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे होते, रागदारी संगीतात पहिल्या रांगेत होते. त्याच वर्षी त्यांच्या बंदिशींचे 'अनूपरागविलास' हे पुस्तक निघाले. अशा गवयाने पूर्ण मैफल नाट्यपदांना द्यावी, तीही बालगंधर्व हयात असताना, हे धाडस होते. ज्या मुलाने लहानपणी कोणाचीही हुबेहूब नक्कल करून बक्षिसे मिळवली होती, त्याला बालगंधर्वांचा आवाज काढणे काय अवघड होते? श्रोत्यांनाही तेच हवे असणार. डोळे मिटले की जुने दिवस परत यावेत. कुमारांनी ते दिले नाही. पदे बालगंधर्वांची, चाली त्याच, पण गाणे कुमारांचे.

मग बालगंधर्वांचे त्यात काय राहिले? मी गाण्यातला तज्ज्ञ नाही, पण दोन्ही ध्वनिमुद्रणे एकापाठोपाठ ऐकून जे लक्षात आले ते लिहितो. बालगंधर्व सूर लावतात तो थेट मध्यावर, इकडेतिकडे चाचपडत नाहीत. शब्द मोडत नाहीत. तान आली तरी शब्दाचे अक्षर न् अक्षर ऐकू येते. एकच ओळ ते पुन्हा पुन्हा म्हणतात आणि दर वेळी तिची वाट थोडी वेगळी असते. आणि कितीही फिरून आले तरी समेवर घाईने आदळत नाहीत, सहज येऊन बसतात. कुमारांच्या गाण्यात या चारही गोष्टी सापडतात. लाडिकपणा मात्र नाही, कारण तो रुक्मिणीचा आणि भामिनीचा होता. भूमिका संपली की तो तिथेच राहायला हवा. नक्कल करणारे नेमका तोच उचलत होते.

आणखी एक गोष्ट. रंगभूमीवर जे पद अर्धा अर्धा तास चाले, ते तबकडीवर तीन मिनिटांत कोंबलेले असे. ज्यांनी बालगंधर्वांना तबकडीवरूनच ऐकले त्यांना त्यातली चिमूटभरच मिळाली. तबकडीची नक्कल करणारा म्हणूनच त्या तीन मिनिटांत अडकून पडतो. कुमारांनी पदाला पुन्हा मोकळी जागा दिली.

शीर्षकातला 'मला उमजलेले' हा शब्द मला फार आवडतो. हिंदीत त्याला 'समझे हुए' म्हणावे लागेल, पण 'उमजणे' मध्ये जे आतून उलगडणे आहे ते त्यात येत नाही. शिवाय 'मला'. म्हणजे दुसऱ्याला वेगळे उमजू शकेल, याची मोकळीक त्यात आहे. ती मोकळीक सर्वांनी मान्य केली असे नाही. बालगंधर्वांच्या जुन्या भक्तांपैकी काहींना हे गाणे रुचले नाही, आणि कुमारांच्या एकूण गायकीवरच त्या काळात कडाक्याचे वाद झाले. परंपरा मोडली असे म्हणणारेही होते. कार्यक्रमाची तबकडी पुढे निघाली आणि आजही ऐकायला मिळते. ज्यांना शंका आहे त्यांनी स्वतः ऐकून पाहावे. त्याच्या आधी मूळ बालगंधर्व अवश्य ऐकावेत, नाहीतर मजा कळणार नाही.

अशा गायकाला माळव्यात श्रोतेही तोलामोलाचे मिळाले. देवासमध्ये खुद्द उस्ताद रजब अली खाँ राहत होते. ते १९५९ मध्ये वारले. इंदूरचे रामूभैया दाते तर रसिक म्हणूनच प्रसिद्ध. ते गवई नव्हते, सरकारी नोकरीत होते. पण त्यांची दाद मिळावी म्हणून मोठमोठे कलावंत आसुसलेले असत. पु. ल. देशपांडे यांनी 'गणगोत'मध्ये त्यांच्यावर लेख लिहिला आहे, तो मोठ्या वर्गांतील मुलांनी वाचावा. भावगीतगायक अरुण दाते हे त्यांचे चिरंजीव. आणि भा. रा. तांबे हे कवी आपल्याच प्रांतातले. त्यांच्या कवितांवर कुमारांनी 'तांबे गीत रजनी' हा कार्यक्रम केला. कानडी घरात जन्मलेला, मुंबईत शिकलेला, माळवी लोकगीते आणि हिंदी भजने गाणारा माणूस मराठी कवितेकडेही तितक्याच आपलेपणाने गेला. आपल्यासारख्या पिढ्यान् पिढ्या माळव्यात राहिलेल्या मराठी लोकांना घरची भाषा एक आणि बाजारची दुसरी याची सवय आहे. ते दोन्हीकडे इतके घरच्यासारखे वावरले, याचा मला तरी हेवा वाटतो.

पुढची हकीकत थोडक्यात. १९६१ मध्ये दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी भानुमतीबाई वारल्या. घराच्या 'भानुकुल' या नावात त्यांचे नाव आहे. १९६२ मध्ये कुमारांचा वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी विवाह झाला. त्याही उत्तम गायिका होत्या आणि नंतर पुष्कळ मैफिलींत दोघे बरोबर गात. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने कुमारांनी 'गांधी मल्हार' हा राग रचला. ज्या दिवशी गांधीजी गेले त्या दिवशी आजारी अवस्थेत देवासला उतरलेल्या माणसाने तो रचला, ही गोष्ट मला लक्षात ठेवण्यासारखी वाटते. १९७७ मध्ये पद्मभूषण, १९९० मध्ये पद्मविभूषण. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासला 'भानुकुल'मध्येच त्यांचे निधन झाले. चिरंजीव मुकुल शिवपुत्र, कन्या कलापिनी कोमकली आणि नातू भुवनेश कोमकली हे तिघेही गायक. जब्बार पटेल यांनी त्यांच्यावर 'हंस अकेला' हा माहितीपट केला आहे.

कुमारजींची ध्वनिमुद्रणे भरपूर आहेत. तबकड्या, कॅसेटी, रसिकांनी घरगुती मैफिलींत केलेल्या टेपसुद्धा. आता ती मोबाईलवर ऐकता येतात. त्यांची निर्गुणी भजने त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच हरकतींसह गाणारी मुले आंतरशालेय स्पर्धांमध्ये दर वर्षी दिसतात. परीक्षक खूश होऊन बक्षीसही देतात. आपल्या शाळेच्या संगीत कक्षात दोन्ही गंधर्वांची मुद्रणे ठेवली आहेत. शनिवारी शेवटच्या तासाला ती लावण्यात येतात. पालकांपैकी कोणाकडे जुन्या तबकड्या असतील तर त्यांनी कळवावे, आणि ज्या घरी आजी संजेची किंवा जात्यावरची गाणी म्हणतात त्यांनी आजींनाच एका शनिवारी घेऊन यावे.